बटनचं नाव

त्या मार्चमध्ये टॅनओक कड्याखालचा रस्ता पुन्हा खचला आणि वितरकाची गाडी वर येईना. आर्डिस लंडीच्या वाळवणीच्या शेडमध्ये आठ बरण्या भरून तयार होत्या. मुठीत मावतील अशा काचेच्या बरण्या. आत मागच्या ऑक्टोबरात कापलेल्या गांजाच्या कळ्या, हिरव्यावर जांभळी झाक मारणाऱ्या. प्रत्येकीवर सरकारी टॅग, आणि टॅगखाली ठळक अक्षरांत छापलेलं: व्यापारी नमुना. विक्रीसाठी नाही. दानासाठी नाही.

“विक्री नाही हे समजलं,” बटन एक बरणी खिडकीच्या उजेडात धरून म्हणाला. “पण दानही नाही? मग काय, पुरायचा?”

“हुंगायचा,” आर्डिस म्हणाली. “दुकानातल्या लोकांनी हुंगायचा, ओढून बघायचा, आणि मग माल घ्यायचा की नाही ते ठरवायचं. ठेव खाली ती. हात बघ तुझे, ग्रीसने माखलेत.”

“एवढ्याशा कळीला सरकारचा नंबर. मला सत्तरी आली तरी नाही मिळाला.”

“नंबर मिळायला आधी नाव लागतं,” ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

बटनला नाव नव्हतं असं नाही. पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. शहरं सोडून जी माणसं त्या डोंगरांत येऊन राहिली, त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात एकमेकांना नवी नावं दिली आणि जुनी नावं पावसात कुजू दिली. कुणी कुठून आला, तिकडे त्याला कोण काय म्हणायचं, हे विचारायची रीत नव्हती. उन्हाळ्यात चोरून लावलेला गांजा शोधत सरकारी हेलिकॉप्टरं झाडांच्या शेंड्यांना घासून जायची आणि खाली माणसं झुडपांत पालथी पडून राहायची, त्या काळात या रीतीला अर्थ होता. जे आपल्याला माहीतच नाही ते आपल्या तोंडून कुणी काढू शकत नाही. पुढे हेलिकॉप्टरं गेली, रीत राहिली. कड्यावर कुणाबद्दल ‘तो विचारतो’ एवढं म्हटलं, की पुढे काही सांगावं लागत नसे. त्या माणसाला जनरेटरसाठी थेंबभर डिझेल कुणी उसनं दिलं नसतं.

आर्डिसचा नवरा हॉलिस पकडला गेला तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न ठेवला होता: बाकीचे कोण? हॉलिसने कुणाकडे बोट दाखवलं नाही आणि तीन वर्षं तुरुंगात बसला. त्या तीन वर्षांत बटन आपणहून यायचा, वाफ्यांना पाणी सोडायचा, लाकडं फोडून व्हरांड्यात रचायचा, आर्डिसच्या टेबलावर बसून बीन्स आणि मक्याची भाकरी खायचा आणि उजेड असेपर्यंत निघून जायचा. लोकांनी बोलावं असं काही नव्हतं आणि लोक बोललेही नाहीत. हॉलिस सुटून आला, फुफ्फुसं बिघडवूनच आला, आणि काही वर्षांनी गेला. बटन येतच राहिला.

मग कायदा बदलला. ज्या झाडापायी नवरा आत गेला त्याच झाडाच्या बुंध्याला आता आर्डिस स्वतःच्या हाताने सरकारचा निळा टॅग बांधू लागली. परवान्यासाठी तिने तळं खोदून घेतलं, रस्ता रुंद केला, शेडला नवं छप्पर घातलं. कड्यावरच्या बऱ्याच जणांनी हा उपद्व्याप केला नाही. ते थकले, किंवा खाली गावात जाऊन राहिले, किंवा अजून जुन्याच पद्धतीने दोन-चार झाडं लावून गप्प होते. आर्डिसला मात्र एकदा तरी हे उघड्यावर करून बघायचं होतं. फाटकावर परवान्याचा क्रमांक लावला त्या दिवशी ती कितीतरी वेळ फाटकाबाहेर उभी राहून आत बघत होती. स्वतःच्या शेतात घुसायच्या बेतात असलेल्या माणसासारखी.

पण उघड्यावर आल्यावर कळलं की उघड्यावर खूप गर्दी आहे. खाली खोऱ्यात काचेच्या छपराखाली लोक मैलभर झाडं लावत होते. आर्डिसचा माल दोन हंगाम पिशव्यांत पडून राहिला, त्याचा वास गेला, तो शेवटी खतात गेला. अशा वेळी ओकलंडच्या एका दुकानातून खरेदी बघणाऱ्या डॅनेट नावाच्या बाईचा फोन आला. तिने कुठेतरी आर्डिसच्या जांभळ्या जातीचं नाव ऐकलं होतं.

“नमुने पाठवा,” डॅनेट म्हणाली. “गुरुवारी आम्ही सगळे बसतो. आवडलं तर वर्षभर फळीवर तुमचं नाव. पण गुरुवारच्या आत हं. त्यानंतर मी दुसऱ्या कुणाला शब्द दिलेला असेल.”

आर्डिसने सगळं नियमाप्रमाणे केलं. प्रयोगशाळेतून पास झालेल्या मालातूनच कळ्या निवडल्या. संगणकावर त्या ‘नमुना’ म्हणून वेगळ्या काढल्या, टॅग चिकटवले, दुकानाचा परवाना क्रमांक भरला. आता परवानाधारक वितरकाची गाडी येणार, बरण्या नेणार, दुकान त्या स्वीकारणार, आणि या प्रत्येक पावलाची नोंद गांजाचे परवाने देणाऱ्या सरकारी विभागाच्या पडद्यावर उमटणार. आणि रस्ता खचला. वितरक म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. बटन मात्र त्याच्या जुन्या ट्रकमधून मागच्या लाकूडतोड्यांच्या वाटेने खाली उतरणार होता. ओकलंडला एक दातांचा डॉक्टर होता, तो पेशंटचं नाव विचारत नसे.

वितरकाच्या गाडीखेरीज बरणी शेडबाहेर न्यायची नाही, हा नियम आर्डिसला माहीत होता. नकळत केलं असं तिने नंतर कधीच म्हटलं नाही. पण तिच्या मनात माल नेणं आणि बरणी दाखवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. माल म्हणजे पिशव्या, वजन, गाडी. बरणी म्हणजे तुमच्या झाडाचा वरचा शेंडा, स्वतःसाठी ठेवलेला, जो तुम्ही समोरच्याच्या हातात देता, तो झाकण उघडतो, डोळे मिटतो, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत तुम्ही थांबता. कड्यावर कुठलाही सौदा त्याशिवाय झाला नव्हता. अशी बरणी अनोळखी ड्रायव्हरच्या हाती देणं तिला आधीपासूनच चमत्कारिक वाटत होतं. घरच्या माणसाच्या हाती देणं हे तर उलट बरंच झालं. गाडी आली की संगणकात मागाहून जुळवून घेऊ.

“नेतोस?” तिने विचारलं.

“नेतो की. दात काढायच्या आधी नेऊन देतो. नंतर बोलता येणार नाही, आणि त्या बाईला वाटेल आर्डिसने मुका पाठवला.”

बटन चार दिवसांनी परतला, गाल सुजलेला, आणि खोक्यात सहा बरण्या.

“घेतल्या नाहीत तिने,” तो एका बाजूने बोलत म्हणाला. “हुंगल्या. अगं, डोळेच मिटले तिने! मग म्हणाली, असं कुणाच्या हाती आलेलं मी घेऊ शकत नाही, माझी नोकरी जाईल, गाडीने पाठवायला सांग. बाई बरी आहे. मला कॉफी दिली.”

“आणि दोन?”

“वाटेत पाण्याचा पंप फुटला. एका गॅरेजवाल्याने सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून बसवून दिला, त्याच्या आईने सूप दिलं. दातामुळे मला तेवढंच जात होतं. एक त्याला दिली, एक तिला. परतच तर आणायच्या होत्या.”

आर्डिसने खोकं आत ठेवलं. तिनेही तेच केलं असतं. कुणी अडल्या वेळी हात दिला तर त्याच्या तळहातावर बरणी ठेवायची, ही गोष्ट बटनला तिनेच शिकवली होती किंवा त्याने तिला. एवढंच तिच्या मनात आलं की टॅग काढायला हवे होते. ते काढले का, हे तिने विचारलं नाही. विचारायची सवय नव्हती.

गाडी आली, सहा बरण्या गेल्या. डॅनेटचा गुरुवार केव्हाच उलटला होता. तरी तिने शरदात बघू असं म्हटलं, आणि आर्डिसने त्या ‘बघू’वर नवी रोपं लावली.

जूनमध्ये विभागाची पांढरी गाडी फाटकाशी उभी राहिली. रोपं लावायला मदतीला आलेली शेजारीण रेन हातातलं रोप तसंच टाकून झाडीत शिरली आणि मागच्या पायवाटेने घरी गेली. रेनचं वय पासष्ट, गुडघे दुखरे, आणि इथे बेकायदा असं काही नव्हतं. पण पांढरी गाडी दिसली की पाय आपोआप चालतात.

आलेली बाई तिशीची होती. कलिया वांग. तिने बूट पुसून मग पायरीवर पाय ठेवला, दिलेलं पाणी प्यायली, रोपांकडे बघून “माती काळी आहे छान, माझी आई बघायला हवी होती,” असं म्हणाली. तिचे आईवडील दक्षिणेच्या सपाटीवर मिरच्या आणि वांगी लावत. आर्डिसला ती आवडली, आणि हेच पुढे जड गेलं. वाईट माणसापुढे गप्प बसायला ती जन्मभर शिकली होती. चांगल्या माणसाचं काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

कलियाने फोनवरचा फोटो पुढे केला. मागचा दिवा बंद म्हणून पोलिसांनी एक गाडी थांबवली होती, त्या गाडीच्या कप्प्यात एक बरणी. टॅग जसाच्या तसा.

“हा तुमचा नमुना आहे, मिसेस लंडी.”

“आहे.”

“हा माणूस कुठल्याच परवान्यावर नाही. त्याच्या मामाचं गॅरेज आहे, मामाकडून मिळाली म्हणतो. आणि आमच्या नोंदीत ही बरणी अजून तुमच्या शेडमध्ये आहे.”

आर्डिसने सरळ सगळं सांगितलं. रस्ता, गुरुवार, बरण्या नेणारा घरचाच माणूस, हॉलिस तुरुंगात असताना तीन वर्षं ज्याने शेत सांभाळलं तो, फुटलेला पंप, सूप. कलिया लिहीत गेली. लिहिता लिहिता तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

“बरं झालं बोललात. मी खरं सांगते, ह्या बरण्या चोरून बाजारात वळवल्या असं धरलं तर परवाना जातो. पण नमुना चुकीच्या माणसाच्या हाती दिला, त्याने बावळटपणा केला, एवढंच असेल तर दंड होईल, ताकीद मिळेल, संपलं. फक्त ज्याने नेल्या त्याचा जबाब हवा. नाव काय त्यांचं?”

“बटन.”

कलिया हसली. “पूर्ण नाव?”

“एवढंच.”

“नाही म्हणजे, कागदावरचं?”

“मला माहीत नाही.”

“किती वर्षं ओळखता त्यांना?”

आर्डिसने हिशोब केला आणि तो सांगायची तिला लाज वाटली. “बरीच.”

“तीन वर्षं तुमचं शेत सांभाळलं म्हणालात आत्ता.”

“हो.”

“आणि नाव माहीत नाही.”

कलियाने पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या म्हाताऱ्या आईने उगाच खोटं बोलावं आणि मुलीला ते दिसावं, तसा चेहरा होता. “मिसेस लंडी, मी तुमची शत्रू नाही हो. मला माहितेय इकडे कसं होतं ते. पण आता तसं राहिलं नाही. शुक्रवारी मला अहवाल पाठवायचाय. तोपर्यंत आठवलं तर फोन करा.”

आठवलं तर! गाडी उताराला लागली, धूळ खाली बसली, तरी आर्डिस पायरीवर बसून होती. ती खरं बोलली होती आणि खरं बोलून खोटी ठरली होती. आणि मग तिला एक वेगळीच भीती वाटू लागली. तिला बटनचं सगळं ठाऊक होतं. तो अंडं खात नाही. खोकला आला की आधी डावा हात छातीवर ठेवतो. कुत्र्याशी बोलताना त्याच्या बोलण्यात एक सपाट, लांबट हेल येतो, जो माणसांशी बोलताना येत नाही. तो हेल दुसऱ्या कुठल्या तरी मुलखातला. इतकं ठाऊक होतं, पण उद्या तो दरीत पडून मेला तर दगडावर काय लिहायचं, हे तिला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ज्याला ती विश्वास म्हणत होती ते नुसतं एक बंद दार असेल आणि आपण दाराशीच जेवण वाढत आलो असू, असं तिला वाटून गेलं.

रेन दुसऱ्या दिवशी आली, टाकलेलं रोप उचलून लावू लागली. कोण आलं होतं, काय म्हणाली, काही नाही. “मुळं वाचली ह्याची,” एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी आर्डिस बटनकडे गेली. तो पाण्याच्या टाकीवर चढून झाकणाला तार बांधत होता. खाली कुत्री पाय पसरून पडली होती.

“विभागवाली आली होती.”

“ऐकलं. मोठा नमुना निघालो म्हण की मी.” तो खाली उतरला. “टॅग काढायला हवे होते गं. दातामुळे डोकंच चालत नव्हतं.”

“जाऊ दे ते.”

“किती बिघडलंय?”

“परवाना.” तिने तारेचं टोक हातात घेतलं, दुमडलं, पुन्हा सरळ केलं. “तुझा जबाब मिळाला तर दंडावर भागेल म्हणते. नाहीतर वळवला म्हणून धरतील.”

“जाऊन येतो की मग. बोलतो. काय खातेय ती मला?”

“बटन म्हणून चालणार नाही तिला.”

कुत्रीने मान वर केली, दोघांकडे बघितलं, परत खाली टाकली.

हे तिथेच थांबवता आलं असतं. तिने मागे वळायचं, त्याने टाकीवर चढायचं. पण रोपं लावून झाली होती, आणि ती फाटकावरची पाटी, आणि डॅनेटचे मिटलेले डोळे, जे तिने स्वतः पाहिलेही नव्हते. हॉलिसने ज्या झाडासाठी फुफ्फुसं घालवली ते झाड एकदा तरी कुणाच्या फळीवर उजेडात, नावानिशी दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

“काय आहे तुझं नाव?” आर्डिसने विचारलं.

शब्द तोंडातून गेले आणि तिला ते हवेत दिसले जणू. बटन तिच्याकडे बघत राहिला. रागाने नाही. बघता बघता तो म्हातारा झाला, एवढंच.

“कोण विचारतंय?” तो म्हणाला. “ती की तू?”

“मी.”

त्याने सांगितलं. साधं नाव होतं, मधलं नाव जुन्या वळणाचं, कुणा आजोबाचं असावं असं. आडनाव उच्चारताना त्याच्या आवाजात तो कुत्र्याशी बोलतानाचा हेल आला.

“तिकडे आर्कान्सा राज्यात हे नाव अजून कुणीतरी शोधत असेल,” तो म्हणाला. “ह्याच झाडापायी. खटला उभा राहायच्या आधीच निघालो मी. कदाचित शोधणारे मेलेही असतील. मी कधी चौकशी केली नाही. चौकशी करायची तर नाव सांगावं लागतं.” तो हसायला गेला, पण काढलेल्या दाताच्या जागी त्याची जीभ गेली आणि हसू तिथेच अडलं. “घे. तुझ्या कामी येतंय तर घे. हॉलिसने माझ्यासाठी तीन वर्षं दिली. मी काय दिलं? पाणी आणि लाकडं.”

“मला नको होतं,” आर्डिस म्हणाली.

“मग विचारलंस कशाला?” तो हळूच म्हणाला, आणि टाकीवर चढला.

घरी येईपर्यंत ते नाव तिच्या डोक्यात चालत होतं, पावलांच्या तालात, दगडावरून दगडावर. तिने ते मोठ्याने म्हणून पाहिलं नाही. काल तिच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. आज होतं, आणि ते दिलं की तिचं शेत तिला परत मिळत होतं. एका माणसाला त्याच्या सत्तरीत हातकड्या पडतील, किंवा पडणारही नाहीत. त्याने स्वतःच तर दिलं होतं. तो ‘घे’ म्हणाला होता. तिने हे सगळं स्वतःला समजावलं, कलियाला सांगावं तसं, नीट, एकामागून एक. सगळं बरोबर होतं.

शुक्रवारी फोन कलियानेच केला. पलीकडे कुठल्याशा ऑफिसात कुणीतरी वाढदिवसाचं गाणं म्हणत होतं, ती दार लावून घेत म्हणाली, “मिसेस लंडी, आठवलं का काही?”

“नाही.”

“त्यांना विचारलंत का?”

आर्डिस खिडकीतून वाफ्यांकडे बघत होती. रोपांनी मूळ धरलं होतं. दोन-तीन पानं नवी फुटली होती.

“नाव इकडे कुणी कुणाला विचारत नाही,” ती म्हणाली.

मग कलिया म्हणाली, “मला वाटलं होतं तुम्ही सांगाल. खरंच वाटलं होतं.” आणि फोन ठेवण्यापूर्वी, जवळजवळ विनवल्यासारखं: “त्यांना कळेल तरी का तुम्ही काय केलंत ते?”

परवाना गेला. लेखी कळवणं, अपील, हे सगळं झालं, पण ते व्हायचं म्हणून झालं. नियमाप्रमाणे लावलेली झाडं तिला ठेवता येत नव्हती. जुलैच्या एका सकाळी कलियाच्या समोर तिने एकेक झाड उपटलं, टॅग कापून पिशवीत टाकले, झाडांचे तुकडे करून ते शेण आणि भुशात कालवले, म्हणजे कुणाच्या उपयोगी पडू नयेत. कलिया मोजणीला आली होती, पण मध्येच तिने बाह्या वर करून फावडं घेतलं. कळ्या अजून धरल्या नव्हत्या, त्यामुळे वासही फारसा नव्हता. नुसत्या कापलेल्या गवताचा.

बटन त्याआधीच गेला होता. त्याच गुरुवारी संध्याकाळी त्याने ट्रक भरला, कुत्री रेनच्या दारात सोडली. तो चिडलेला नव्हता, असं रेननेच नंतर कुणाला तरी सांगितलं आणि ते आर्डिसच्या कानावर आलं. तो एवढंच म्हणाला होता: “आर्डिसने माझं नाव विचारलं.” आणि ते खरंच होतं.

कड्यावर त्यानंतर कुणी आर्डिसला काही बोललं नाही. तिच्या पंपाला वंगण लागलं तर ते फाटकाशी ठेवलेलं असे. ठेवणारा थांबत नसे. परवाना गेला, झाडं गेली, हे सगळ्यांनी बघितलं. लोकांनी त्याचा अर्थ लावला की सांगूनही सरकारने तिला सोडलं नाही. सांगणाऱ्यांचं असंच होतं. रेन यायची थांबली. भांडण झालं असतं तर आर्डिसला बरं वाटलं असतं. भांडणात निदान प्रश्न असतात. कुणी तोंडावर येऊन म्हटलं असतं, “तू सांगितलंस का गं त्याचं नाव?” तर ती म्हणाली असती, “नाही.” एवढा एकच शब्द तिला हवा होता, आणि तो म्हणायला समोरून कुणीतरी विचारायला हवं होतं. आपणहून जाऊन सांगावं, तर नाव फोडणारा प्रत्येक जण आधी हेच म्हणतो की मी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांच्या हॉलमध्ये दरवर्षीची पॅनकेकची न्याहारी होती. आर्डिस गेली. हॉलिस असल्यापासून ती कधी चुकली नव्हती. लांब टेबलाच्या टोकाला जागा होती, तिथे बसली. शेजारच्यांचं बोलणं चालू होतं, नव्या पंपगाडीबद्दल. ते थांबलं नाही, फक्त थोडं हळू झालं. टेबलाखाली बटनची कुत्री रेनच्या पायाशी होती. तिने वास ओळखला, येऊन आर्डिसच्या बुटावर हनुवटी ठेवली. आर्डिसने खाली वाकून तिच्या कानामागे खाजवलं. त्या कुत्रीला त्याने काय नाव ठेवलं होतं ते तिला ठाऊक होतं. मालकाचंही. ह्या अख्ख्या हॉलमध्ये ते ठाऊक असलेली ती एकटी होती, आणि ते आता तिच्याबरोबरच जायचं होतं.

समोर रेन बसली होती. तिने पाकाची बाटली उचलली, आर्डिसच्या ताटावर धरली, ओतली. ती आर्डिसच्या तोंडाकडे नाही, पॅनकेककडे बघत होती.

“अजून?” रेनने विचारलं.

आर्डिसने तोंड उघडलं. रेन थांबली, बाटली तशीच तिरकी धरून; पाकाची धार पातळ होत गेली आणि तुटली.

“नको,” आर्डिस म्हणाली.